नऊशे चाळीस किलोमीटर

त्या रुग्णालयात तिला सगळे 'जोडारी' म्हणत. दारावरच्या पाटीवर 'अवयवदान समन्वयक' असं लांबलचक लिहिलेलं होतं, पण शस्त्रक्रिया विभागातल्या मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी तिचं बारसं करून टाकलं. "कारखान्यात जोडारी असतो ना, तशी ही माणसांची. इकडचं तिकडं जोडते. मी आपला नुसता पाना फिरवतो."

चेष्टा खरी होती. एखाद्याचा मेंदू कायमचा थांबला आणि यंत्राच्या जोरावर हृदय तेवढं चालू राहिलं, की त्याच्या घरच्यांसमोर बसून 'देता का?' असं विचारायचं काम तिचं. घरच्यांनी होय म्हटलं की पुढचं सगळंही तिच्याच गळ्यात. फोन, कागद, गाड्या, रस्ता मोकळा ठेवायला पोलीस, आणि लागलं तर विमान. टेबलासमोरच्या भिंतीवर तिनं एक तक्ता चिकटवला होता. सोळा शहरं, प्रत्येकापुढे हवाई अंतर, उड्डाणाचा वेळ, तिकडच्या विमानतळापासून रुग्णालयापर्यंतची मिनिटं. मूत्रपिंड दिवसभर थांबतं, यकृत अर्धा दिवस. हृदय चार तासांवर थांबत नाही. तेवढ्यात ते दुसऱ्या छातीत धडधडायला लागलं पाहिजे. म्हणून तक्त्यातल्या पाच शहरांपुढे लाल फुली होती. तिथं माणूस जाऊ शकतो, हृदय नाही.

उन्हाळा संपत आला होता तेव्हाची ही गोष्ट. पोहण्याच्या तलावावरच्या एका प्रशिक्षक बाईला रुग्णालयात आणलं. वय छत्तीस. ही मोठ्या माणसांना पोहायला शिकवायची. पन्नाशीतले, साठीतले, जन्मभर पाण्याला भ्यायलेले लोक तिच्याकडे यायचे. सकाळच्या तुकडीला सूचना देता देता तिनं कपाळ धरलं, "डोक्यात काहीतरी झालं," एवढंच म्हणाली आणि काठावर बसली ती उठलीच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या मंडळानं दोनदा तपासलं आणि सांगितलं की आता काही उरलेलं नाही.

तिच्या मागे एकच माणूस होता, वडील. आई बारा वर्षांपूर्वी गेलेली. हे वडील बसडेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. कोणती गाडी किती वाजता सोडायची, कुठं किती मिनिटं थांबवायची, कोणाला कोणत्या फलाटावर लावायची हे एकतीस वर्षं त्यांनी केलं. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, मनगटावर पट्टा सैल झालेलं घड्याळ. तीन दिवस अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ते ताठ बसून होते. पाठ टेकवलेली कुणी पाहिली नाही.

जोडारीनं त्यांना आपल्या खोलीत बोलावलं, पंखा लावला, पाण्याचा पेला पुढे ठेवला.

"काका, मी तुम्हाला एक विचारणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही."

"काय विचारणार ते कळलं मला," ते म्हणाले. "पोरीनं कार्ड केलंय. तिच्या पाकिटात आहे बघा. चार वर्षांपूर्वी मला दाखवून हसत होती. म्हणाली, बाबा, माझे स्पेअर पार्ट भंगारात घालू नका, वाटून टाका."

ते हसायला गेले आणि तोंड तसंच वाकडं राहिलं. तिनं पेला थोडा त्यांच्याकडे सरकवला. नऊ वर्षांत ती एवढं नक्की शिकली होती, की अशा वेळी आपण पाण्याकडे बघायचं, माणसाकडे नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुठं कुठं जाणार?"

"मूत्रपिंडं, यकृत, डोळे इथंच, या शहरात. हृदय बाहेरगावी." तिनं शहराचं नाव सांगितलं.

"किती किलोमीटर?"

आजवर लोकांनी तिला खूप काही विचारलं होतं. बाई आहे की पुरुष, वय काय, मुलंबाळं आहेत का, जगेल ना तो. किलोमीटर पहिल्यांदाच.

"नऊशे चाळीस."

त्यांनी मान हलवली. "नाही हो. अकराशे ऐंशी. आमच्या डेपोतून गाडी जायची तिकडं. संध्याकाळी सहाला सुटायची, दुसऱ्या दिवशी दुपारी चारला टेकायची. बावीस तास. घाटात अडकली तर मग विचारूच नका."

"हे हवाई अंतर आहे काका. विमान सरळ जातं."

"हां. त्याला वळणं नाहीत." त्यांनी खिशातून छोटी वही आणि पेन काढलं. हाताला काम मिळाल्यावर त्यांचा आवाजही सरळ झाला. "मग वेळ किती?"

"एक तास पस्तीस मिनिटं."

"हा नुसता वरचा झाला. दारापासून दारापर्यंत सांगा."

तिनं सगळं सांगितलं आणि त्यांनी ते उतरवलं. एक दहाला रक्तपुरवठा थांबवून हृदय काढायचं. पेटीत नीट ठेवून इथून निघायला पंचवीस मिनिटं. विमानतळ अठरा मिनिटं, पोलीस रस्ता मोकळा ठेवतात म्हणून. दोन पाचला उड्डाण, तीन चाळीसला तिकडं उतरणार. पुढे गाडीनं पंचवीस मिनिटं.

"चार पाच," ते म्हणाले. "आणि जोडायला?"

"पन्नास मिनिटं."

"चार पंचावन्न. मुदत संपते पाच दहाला. पंधरा मिनिटं हातात राहतात." त्यांनी आकड्यांखाली रेघ ओढली. "पुरे आहेत. आम्ही पाच मिनिटांवर गाड्या जोडून दिल्यात."

मग त्यांनी सह्या केल्या. सहा कागद, प्रत्येकावर पूर्ण नाव, खाली तारीख, तारखेखाली वेळ. वेळेचा रकाना कागदात नव्हता, तरी.

दाराशी जाऊन ते परत वळले. "ताई, एकच. पोचल्याचं कळवा. तोवर मी तिला घेऊन जाणार नाही. अर्धी वाटेत आहे नि मी निघून गेलो, असं नको व्हायला."

"कळवते काका," ती म्हणाली. "नक्की कळवते."

दुसऱ्या दिवशी सगळं घड्याळाच्या काट्यावर झालं. तिकडचे दोन डॉक्टर सकाळीच येऊन थांबले होते. एक दहाला हृदय काढलं. एक पस्तीसला निळी पेटी घेऊन ते गाडीत बसले, पुढे पोलिसांची मोटारसायकल. दोन पाचला विमानतळावरून फोन आला. जोडारी मुद्दाम बाहेर बाकापाशी गेली.

"उडालं काका."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले, जणू समोरच्याच फलाटावरून सुटलं होतं.

तीन पंचवीसला तिकडच्या समन्वयक बाईचा फोन आला. या दोघी सहा वर्षं एकमेकींना फोनवर ओळखत होत्या, भेटल्या कधीच नव्हत्या. एकमेकींना अगं-तुगं करण्याइतकी मैत्री मात्र झाली होती.

"अगं, इथं एकदम आभाळ भरून आलंय. दहा मिनिटांपूर्वी लख्ख ऊन होतं. आता समोरची इमारत दिसत नाहीये. विमान वरच घिरट्या घालत ठेवणार म्हणे."

"किती वेळ?"

"कोण सांगणार?"

तीन बेचाळीसला पुन्हा फोन आला. "वळवलं गं. दुसऱ्या विमानतळावर नेतायत. दोनशे दहा किलोमीटर."

"रस्त्यानं?"

"साडेतीन तास. झाडं पडलीत ती वेगळी."

"हेलिकॉप्टर?"

"या हवेत कोण उडवेल?" तिकडून पत्र्यांचा धाडधाड आवाज ऐकू येत होता. "वादळ ओसरलं तर परत उडेल. बघू."

जोडारीनं पेन्सिल घेऊन मांडलं. तिथं उतरेल चारच्या सुमारास. फार नशीब असलं तर साडेचारला परत उडेल. चार पंचावन्नला शहरात, पाच वीसला रुग्णालयात. पुढे पन्नास मिनिटं जोडायला. तिनं पुन्हा मांडलं. दुसऱ्यांदाही तेच उत्तर आलं.

बाहेर मागच्या दाराशी मुलीला आणून ठेवलं होतं. टाके घालून, पुसून, पांढऱ्या चादरीत. बाप शेजारी उभा होता, चादरीच्या कडेवर हात ठेवून. त्यांचा पुतण्या येरझाऱ्या घालत होता. तो बिचारा सकाळपासून धावपळ करत होता, त्याचंही काही चुकत नव्हतं.

"मॅडम, शववाहिका कधीची उभी आहे. स्मशानात पाचची वेळ घेतलीय, साडेपाचनंतर ते आज घेणार नाहीत. काका ऐकतच नाहीत."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "पोचलं?"

'अजून नाही' असंच म्हणायचं ठरवून ती बाहेर आली होती. शब्द तयार होते. पण त्या माणसाला चार दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी उभं राहायला लावलं होतं आणि त्यांचे गुडघे थरथरताना तिला दिसले. 'अजून नाही' म्हटलं असतं, तर ते तिथंच तसेच उभे राहिले असते, साडेपाच होऊन गेले असते, आणि शेवटी तिला पुन्हा येऊन 'पोचलंच नाही' म्हणावं लागलं असतं.

"हो," ती म्हणाली. "पोचलं काका."

त्यांनी घड्याळ पाहिलं. तीन अठ्ठेचाळीस. "लवकर पोचलं."

"वारा मागून होता."

"हां. वारा," ते म्हणाले. क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग चादरीवरचा हात उचलून पुतण्याला म्हणाले, "चल."

वादळ पावणेपाचपर्यंत ओसरलं नाही. पाच दहाला तिकडच्या सर्जननं थांबा म्हणून सांगितलं. इकडचे मोठे डॉक्टर तिच्या खोलीत आले, तिनं त्यांना काय केलं ते सांगितलं. "बरं केलंस," ते म्हणाले. "काय सांगणार होतीस त्यांना?" ते हे इतक्या मायेनं म्हणाले की तिला आणखीच वाईट वाटलं.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो कपडे वाळत घालत होता. हातातली उशीची खोळ तशीच धरून म्हणाला, "खोटं बोललीस ते बोललीस, वर वाऱ्याला साक्षीला कशाला बोलावलंस?" नंतर तिचं तोंड बघून त्यानं खोळ टाकली आणि तिच्याजवळ येऊन बसला. "जाऊ दे. कुठं कळणार आहे त्यांना?"

आठवड्याच्या आत कुटुंबाला औपचारिक पत्र पाठवायचं असतं. कोणता अवयव कुणाला मिळाला हे नावं न देता. तिनं लिहिलं: दोन मूत्रपिंडं, दोन रुग्णांना, दोघांची प्रकृती चांगली. यकृत, एका रुग्णाला. डोळे, दोघांना. हृदयापुढे काय लिहावं यावर तिची अख्खी दुपार गेली. शेवटी तिनं 'पाठवले' असा एक शब्द लिहिला. तो खोटा नव्हता. खरा आहे असंही तिला वाटलं नाही.

तिकडच्या ज्या माणसाला हृदय मिळणार होतं, तो छापखान्यात कामाला होता. वय चव्वेचाळीस. त्याला शस्त्रक्रियेच्या खोलीतून तसाच परत आणला. अकरा दिवस तो यंत्रावर होता, मग गेला. हेही तिला फोनवर कळलं.

सहा आठवड्यांनी तिकडून एक पाकीट आलं. आत दुसरं पाकीट, न चिकटवलेलं. अशी पत्रं अधूनमधून येतात. नावगाव न लिहिता लिहायची असतात, दोन्हीकडच्या समन्वयकांनी वाचून मगच पुढे द्यायची असतात. ज्यांना हृदय मिळालं ते लिहितात. हे लिहिलं होतं छापखान्यातल्या माणसाच्या बायकोनं.

'नमस्कार. तुम्ही कोण ते मला माहीत नाही आणि विचारायचं नाही असं इथल्या ताईंनी सांगितलंय. त्या दिवशी ह्यांना आत नेताना हे म्हणाले, कुणाच्या तरी घरी आज आकांत असेल आणि मी इथं दाढी करून तयार बसलोय, बरं नाही वाटत. वादळामुळं विमान उतरलं नाही. अकरा दिवसांनी हे गेले. तुमचं माणूस इथं कुणाच्या तरी छातीत आहे असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. हे लिहायला हात धजत नव्हता. पण तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर कळायला हवं. तुमच्या जागी मी असते तर मला कळायला हवं होतं. तुम्ही पाठवलं होतं, हे मी विसरणार नाही.'

जोडारीनं ते पाकीट खणात ठेवलं. खणात राहिलं असतं तरी कुणी विचारणार नव्हतं. दोन दिवस ती त्या खणातून स्टेपलरसुद्धा काढायला घाबरली. तिसऱ्या दिवशी दुपारची रजा टाकून ती कंट्रोलरकाकांच्या घरी गेली.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर खिळ्यांना पोहण्याचे चष्मे टांगलेले, निळे, काळे, एक गुलाबी. खाली प्लास्टिकच्या टोपलीत रबरी टोप्या, पावडर लावून एकात एक ठेवलेल्या. पावडर नुकतीच लावलेली दिसत होती. काकांनी तिला खुर्ची दिली आणि चहा टाकला. ती उभीच राहिली.

"काका, मी तुमच्याशी खोटं बोलले."

"माहितीये," ते गॅसकडे तोंड करून म्हणाले.

तिला बसावंच लागलं.

"तीन अठ्ठेचाळीसला तुम्ही सांगितलंत," ते म्हणाले. "विमान टेकायचंच तीन चाळीसला. पुढे गाडीची पंचवीस मिनिटं. समजा वारा होता. पण तुमच्या वाऱ्यानं रस्त्यावरची गाडीसुद्धा ढकलली काय? एकतीस वर्षांत सतरा मिनिटं आधी पोचलेली गाडी मी पाहिली नाही, ताई."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमचं तोंड बघितलं. पुतण्या घायकुतीला आलेला. आणि पोर तशी दारात पडलेली." त्यांनी चहा गाळला. हात स्थिर होता. "म्हटलं, हिला जमेल तेव्हा येईल सांगायला. उद्या येईल, परवा येईल."

कप तिच्यासमोर ठेवून ते समोर बसले, आणि तेव्हा तिला दिसलं की हा माणूस रागावलेला आहे. फार शांतपणे, पण आतून पेटल्यासारखा.

"सहा आठवडे लावलेत तुम्ही. तुमचं कागदाचं पत्र आलं, त्यात 'पाठवले'. अहो, पाठवल्याचं मला माहीत होतं, मीच पाठवलं होतं! रोज सकाळी उठून मी स्वतःला दोन्ही सांगायचो. पोचलं असेल. नसेल पोचलं. एकदा नाही म्हणून कळलं की माणूस रडून मोकळा होतो. तुम्ही मला रडूही दिलं नाहीत."

"चुकलं माझं," ती म्हणाली. तिनं कारण सांगितलं नाही. गुडघ्यांचं सांगितलं नाही, साडेपाचचं सांगितलं नाही. ती सगळी कारणं खरी होती, पण त्या खोलीत सांगण्यासारखी नव्हती.

तिनं पत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला, एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. 'दाढी करून तयार बसलोय' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"मग त्याचं काय केलं?" त्यांनी विचारलं.

"कशाचं?"

"तिच्या हृदयाचं. पोचलं नाही म्हणता. मग कुठं आहे ते?"

तिला माहीत नव्हतं. सहा आठवड्यांत तिनं विचारलंच नव्हतं. विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं, याची तिला इतकी लाज वाटली की तिनं तिथंच, त्यांच्यासमोर, तिकडच्या मैत्रिणीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"अगं, त्याच दोघा डॉक्टरांनी आणलं ते," पलीकडून आवाज आला. "वादळ थांबल्यावर विमानानं नाही आले, गाडीनं आले. रुग्णालयाचे लोक म्हणाले, बाकीच्याबरोबर द्या जाळायला. पण त्यातला धाकटा डॉक्टर ऐकेना. मग मी न्यायला तयार झाले. पेटी मांडीवर घेऊन गेले विद्युतदाहिनीत. तिथल्या नोंदवहीत क्रमांक आहे. त्यांना सांग, कचऱ्यात नाही टाकलं. सोबत होते मी."

काकांनी हे सगळं ऐकलं. पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं.

"मी जाऊन येतो," ते म्हणाले. "त्या बाईंना उत्तर लिहितो नि स्वतःच्या हातानं देतो तुमच्या मैत्रिणीकडे. विमानानं जातो."

"मी येते बरोबर."

"तुम्ही कशाला?"

"मला यायचंय काका."

ते नको म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. जाताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "चहा तसाच राहिला तुमचा."

पुढच्या आठवड्यात सकाळच्या विमानानं ते दोघं निघाले. काका पहिल्यांदाच विमानात बसत होते. तपासणीच्या ट्रेमध्ये त्यांनी घड्याळ काढून ठेवलं आणि तसेच पुढे निघाले. तिनं ते उचलून त्यांना दिलं, त्यांनी खिशात टाकलं. खिडकीची जागा तिनं त्यांना दिली. खाली तपकिरी जमीन, मधे मधे वाळलेल्या नद्या. एका ठिकाणी डोंगराच्या कडेनं नागमोडी रेघ दिसली तेव्हा ते काचेला नाक लावून म्हणाले, "हा घाट असणार. इथं आमच्या गाडीला पावणेदोन तास लागायचे." रेघ पंखाखाली गेली.

चाकं टेकली, लोक लगबगीनं उठून वरच्या पिशव्या काढायला लागले. काका बसूनच राहिले.

"आलं?"

"आलं काका."

"एवढंच?" ते म्हणाले. "एवढंच होतं ते?"

लोक उतरून गेले तरी ते पट्ट्याच्या बकलावर हात ठेवून बसले होते. शेवटी हवाईसुंदरी जवळ आली तेव्हा उठले.

तिकडची मैत्रीण विमानतळाच्या दाराशीच उभी होती. फोनवरच्या आवाजावरून जोडारीनं उंच, सडपातळ बाई मनात धरली होती, ही निघाली ठेंगणी आणि गोलमटोल. दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि लगेच सोडली, काकांसमोर बरं दिसेना म्हणून. मग ती त्यांना गाडीनं विद्युतदाहिनीवर घेऊन गेली. खिडकीतल्या कारकुनानं जाड नोंदवही काढली, पानं उलटली. एका ओळीत क्रमांक, तारीख, 'अवयव', आणि वजन दोनशे नव्वद ग्रॅम.

काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "जन्मली तेव्हा सव्वादोन किलो होती," ते कारकुनाला म्हणाले. "काचेच्या पेटीत ठेवली होती आठ दिवस. हिची आई म्हणायची, ही काही टिकत नाही. नंतर पाण्यातून बाहेरच यायची नाही."

त्यानं वही मिटली नाही, त्यांचं बोट निघेपर्यंत थांबला.

तिथून रुग्णालयात आल्यावर त्यांनी खिशातून उत्तर काढून दिलं. नियमाप्रमाणे मैत्रिणीनं ते वाचलं, मग जोडारीकडे दिलं. सुवाच्य, सरळ अक्षर होतं.

'ताई, तुमचं पत्र मिळालं. तुमचे यजमान गेले, फार वाईट झालं. दाढी करून बसले होते हे वाचलं आणि ते ओळखीचे वाटायला लागले. माझी मुलगी मोठ्या माणसांना पोहायला शिकवायची. घाबरलेल्या माणसाचा हात ती आपणहून कधी सोडत नसे. तुमच्या यजमानांशी तिचं जमलं असतं. आम्ही इकडून वेळेवर सोडलं होतं, एका मिनिटाचाही उशीर केला नाही, एवढं तुम्हाला माहीत असावं. तरी पोचवता आलं नाही. दिलगीर आहे.'

"दिलगीर कशाला, काका?" मैत्रीण डोळे पुसत म्हणाली. "तुमची काय चूक?"

"चूक नसली तरी म्हणायचं असतं," ते म्हणाले. "एकतीस वर्षं माईकवर म्हणत आलो. तेव्हा नुसतं म्हणायचो."

परतीचं विमान संध्याकाळचं होतं. मैत्रिणीला वॉर्डमधून बोलावणं आलं म्हणून ती निरोप घेऊन गेली. जोडारी गाडी बघायला रस्त्यापर्यंत गेली. परत येऊन बघते तर काका रुग्णालयाच्या फाटकाशी, बाहेरच्या पायरीवर बसले होते आणि रडत होते. आवाज करून, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तसं. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. रुग्णालयाच्या दारात रडणारं माणूस कुणाला नवीन नसतं.

ती शेजारी बसली. खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण तेवढा अधिकार आपण गमावलाय असंही वाटलं, म्हणून हात मांडीवरच ठेवून बसून राहिली. तिनं बोलावलेली गाडी आली, थोडा वेळ भोंगा वाजवून निघून गेली. दुसरी आली. तीही गेली.

बऱ्याच वेळानं त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, नाक शिंकरलं, चष्मा लावला. समोरच्या रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं हो?"

इतक्या दिवसांत त्यांनी तिच्याबद्दल विचारलेलं हे पहिलंच. ती सांगायला लागली. नवरा, त्याची फिरतीची नोकरी, घरी असला की सगळ्यांचे कपडे तो धुतो म्हणून सासूबाईंचा होणारा जळफळाट. सासूबाईंच्या गुडघ्याचं दुखणं. सातवीतली मुलगी, गणितात कच्ची, बोलण्यात पक्की. ते ऐकत होते. मधे एकदा त्यांनी "गणित कुणाकडून शिकते?" असं विचारलं, आणि तिनं सांगितलं. मग दोघांच्याही लक्षात आलं की सकाळपासून पोटात काही नाही, आणि ती त्यांना हात देऊन उठवू लागली.